प्रिंटर विकता, मग नीट सांगा तरी

संपादक साहेब, नमस्कार. ॲडमिशनचे दिवस आले की सांगलीत घरोघरी वायफाय प्रिंटर रुसतो आणि दुकानात फोन केला की ठरलेलं उत्तर, तुमचं नेटच गेलं असेल. अहो, घरच्या घरी प्रिंट काढायला सहसा नेट लागत नाही, मोबाईल आणि प्रिंटर एकाच राऊटरला जोडलेले असले की झालं. खरी गोम अशी की राऊटरच्या वायफाय पट्ट्यांपैकी बरेचसे साधे प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झची पकडतात, ५ ची त्यांना दिसतच नाही, आणि फायबर जोडणारी पोरं बऱ्याचदा दोन्हीला एकच नाव देऊन जातात, किंवा वायफायची सिक्युरिटी नुसती डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर असते, मग जुना प्रिंटर बसतो लाईट मिचकावत. २.४ ला वेगळं नाव द्या, सिक्युरिटी आधीच्या डब्ल्यूपीए२ वर करून बघा. आणि लाईट जाऊन आली (ती आमच्याकडं जातेच) की राऊटर प्रिंटरला कधीकधी नवा आयपी ॲड्रेस (नेटवर्कमधला आकडी पत्ता) देतो, कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो आणि स्क्रीनवर ऑफलाईन! राऊटरमध्ये पत्ता फिक्स केला की ही कटकट मिटते. एवढं खोक्यावर मराठीत छापायला कंपन्यांना काय जड जातं?

एक वाचक, विश्रामबाग, सांगली