कॉइलपाशी की प्लगपाशी

नाशिक,
रविवार, दुपार

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार. तुझ्या शेवटच्या पत्राला मी उत्तर लिहिले नाही, त्याला दोन वर्षे होऊन गेली. त्यात तू एक कात्रण पाठवले होतेस. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरल्याची ती बातमी होती, आणि खाली तुझ्या किरट्या अक्षरात लिहिले होते, 'आता तुझीच काय ती उरली.' माझी गाडी आणि टॅक्सी एका ओळीत बसवल्याचा मला राग आला होता. राग आठवडाभरात गेला, आळस मात्र मुक्कामाला राहिला. आज लिहितो आहे ते आळस झटकला म्हणून नव्हे, तर मी एक जुना वाद हरलो आहे आणि तो ज्याच्याशी होता त्याला कळवल्यावाचून मला चैन पडणार नाही म्हणून.

प्रकृतीचे म्हणशील तर साखर आटोक्यात आहे, गुडघा नाही. सुमन बरी आहे.

दिवाळीनंतर दोन महिने आम्ही बडोद्याला मुलीकडे होतो. परत आलो आणि गाडी सुरू होईना. बॅटरी चार्ज करून आणली, सेल्फ उत्तम फिरू लागला, पण इंजिन पकडत नव्हते. दोन महिने उभ्या गाडीत पेट्रोल खराब झाले असणार, असे मी पाच मिनिटांत ठरवून टाकले आणि पेट्रोल-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर उघडला. पुरावाही भरपूर सापडला. पेट्रोल साठते त्या फ्लोटच्या भांड्यात तळाशी पांढरी पूड, मेन जेटच्या भोकात वार्निशासारखा चिकट थर आणि सगळ्याला आंबूस वास. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढून घेते आणि आपल्या काळच्या रबराला मुळीच मानवत नाही. ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम तर पापडासारखा कडक झाला होता. एवढे पाहिल्यावर दुसरा आरोपी शोधण्याची गरज मला वाटली नाही.

मग किट मागवले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून सोलेक्स कार्ब्युरेटरचा प्रत्येक भाग वेगळा केला. मेन जेट, पायलट जेट, एअर जेट यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र वाटी दिली. त्या वाट्या सुमनच्या रोजच्या वापरातल्या होत्या, हे मी तेव्हा ध्यानात घेतले नाही. आमटीला पेट्रोलचा वास येतो ही तक्रार अजून चालू आहे. जेटमध्ये तार घालायची नाही, फुंकर मारायची किंवा हवा मारायची, हा तुझा नियम मी कसोशीने पाळला. चार दिवसांनी सगळे जोडून झाले तेव्हा तो कार्ब्युरेटर कुर्ल्याच्या कारखान्यातून नुकताच बाहेर पडल्यासारखा दिसत होता, असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

गाडी सुरू झाली नाही. उलट कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होऊन पेट्रोल मॅनिफोल्डवर ठिबकू लागले. किटमधली, पेट्रोल अडवणाऱ्या नीडलच्या बैठकीखालची वॉशर जुन्या वॉशरपेक्षा पातळ निघाली. त्यामुळे बैठक वर राहत होती, नीडल उशिरा बंद होत होती आणि भांड्यातली पातळी चढत होती. जुनी जाड वॉशर परत घातली आणि ठिबकणे थांबले. वरून टॉर्चचा उजेड टाकून ॲक्सिलरेटर ओढला की कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोलची बारीक, सरळ, चकचकीत धार पडताना दिसे. ती धार पाहून मला इतके समाधान वाटले की सुमनलाही हाक मारून दाखवली. तिने पाहिली आणि विचारले, "मग गाडी का चालत नाही?"

तोच तर प्रश्न होता. प्लग काढले तर ते ओले होते, म्हणजे पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचत होते. ते तव्यावर भाजून कोरडे केले (तवा जुना होता, सुमनला विचारून घेतला होता). प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून हँडल मारले तर अंगठा उडत होता, म्हणजे कॉम्प्रेशन होते. राहिला करंट. करंट चारही प्लगांना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून, ठिणगीचा करंट देणाऱ्या कॉइलची मधली जाड वायर उपसली, तिचे टोक इंजिनाजवळ धरले आणि शेजारच्या मुलाला सेल्फ मारायला सांगितले. टक् टक् टक् अशी निळी, करकरीत ठिणगी पडत होती. पेट्रोल आहे, कॉम्प्रेशन आहे, करंट आहे, आणि इंजिन मात्र साधे खोकतही नाही.

खोकतही नाही, हे मी मुद्दाम लिहिले आहे. तू एव्हाना हसू लागला असशील. मी चमचाभर पेट्रोल थेट घशात ओतून पाहिले, तरीही हूं की चूं नाही. कार्ब्युरेटर कितीही बिघडला असला तरी वरून पेट्रोल पाजल्यावर इंजिन दोन सेकंद तरी गुरगुरले पाहिजे, हे शेंबड्या पोरालाही कळावे. पण मी पुन्हा कार्ब्युरेटर उतरवला. एकूण तीन वेळा उतरवला. बुडाची गॅस्केट बदलली, हवा घेते आहे की काय म्हणून मॅनिफोल्डचे नट आवळले, वायरींचा क्रम एक-तीन-चार-दोन असल्याची खात्री करून घेतली आणि शेवटी ठिणगी पडण्याच्या वेळेवर, म्हणजे टायमिंगवर, संशय धरून डिस्ट्रिब्युटर सैल केला व अंदाजाने इकडेतिकडे फिरवून पाहिला. द्वारका चौकाजवळच्या गॅरेजमधला एक तरुण येऊन गेला. त्याने आधी स्कॅनर कुठे जोडायचा ते विचारले आणि मग, "काका, म्युझियमला देऊन टाका," असा सल्ला दिला. त्याचे शंभर रुपये झाले.

तुला कसारा घाट आठवत असेल. तो पाऊस, मागे ट्रकांची रांग आणि बॉनेटखाली आपण दोघे छत्रीसाठी भांडत असलेले. मी कॉइलपाशी ठिणगी पाहून करंट आहे म्हणत होतो. तू म्हणत होतास की कॉइलपाशी करंट असून काय उपयोग, प्लगपाशी बघ. मग तू टोपी काढून आतला ओलावा तुझ्या कोऱ्या रुमालाने पुसलास आणि गाडी सुरू झाली. गाडी वाऱ्याने आपोआप वाळली, असे मी नाशिकपर्यंत आणि पुढे पस्तीस वर्षे म्हणत आलो. आता लेखी मान्य करतो की ती तुझ्या रुमालाने वाळली.

परवा सकाळी टायमिंग नियमाने लावायचे ठरवले. हँडल फिरवून पहिला सिलिंडर टॉपला आणला आणि आतल्या फिरत्या रोटरचे तोंड पहिल्या प्लगच्या वायरीकडे आहे की नाही ते पाहण्यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या दोन्ही क्लिपा सोडवल्या. आत पॉइंट होते, कंडेन्सर होता, मधला दांडा होता. रोटर नव्हता.

मी टोपी उलटी करून तिच्यात पाहिले. मग इंजिनाखाली वाकून पाहिले. मग ओट्यावर जाऊन बसलो. लालबागला असताना तूच शिकवले होतेस की गाडी चार दिवस ठेवायची असेल तर रोटर काढून खिशात टाकावा, म्हणजे गोष्टीतल्या राक्षसाचा जीव जसा पोपटात तसा गाडीचा जीव आपल्या खिशात. बडोद्याला निघताना मी तेच केले होते. म्हणजे दिवाळीपासून गाडीत रोटर नव्हताच, आणि मी पाच आठवडे कार्ब्युरेटरची पूजा बांधत होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! कॉइलची ठिणगी खरीच होती. ती चौघांना वाटून देणाराच जागेवर नव्हता.

रोटर सुमनच्या बटणांच्या डब्यात निघाला. बडोद्याला माझी पँट धुवायला टाकताना तो खिशात सापडला, तेव्हा तिला तो मिक्सरचा काही भाग वाटला आणि तिने तो जपून ठेवला. "मला विचारायचे होते," एवढेच ती म्हणाली.

वस्तू कुठे ठेवली ते विसरणे मी समजू शकतो, वसंता. चष्मा तर मी दिवसातून तीनदा हरवतो. पण इथे मी ती कुठे ठेवली हे विसरलो नव्हतो, ती काढलीच होती हे विसरलो होतो. डब्यातला रोटर हातात घेतला तरी तो काढल्याची आठवण आली नाही. टोपी उघडली असेल, रोटर ओढला असेल, पुन्हा क्लिपा लावल्या असतील, असे सारे मला तर्काने जुळवावे लागले. नानांचे शेवटचे दिवस तू पाहिले आहेस, म्हणून जास्त लिहीत नाही. सुमनला मी यातले फक्त हसण्यासारखे तेवढे सांगितले. तुला वेड लागले आहे, असे तू उलट टपाली लिहिलेस तर मला बरे वाटेल.

गाडीचे मात्र उत्तम झाले. रोटर दाबून बसवला, डिस्ट्रिब्युटर खुणेवर आणला, चोक ओढून सेल्फ मारला आणि दुसऱ्या फिरकीला इंजिनाने पकड घेतली. मागून निळसर धुराचा एक लोट निघाला आणि मग आयडलिंग असे लागले की बॉनेटवर ठेवलेल्या पेल्यातले पाणी जेमतेम थरथरत होते. कार्ब्युरेटरचे काम वाया गेले नाही, एवढे म्हणण्याचा हक्क मी राखून ठेवतो. पांढरी पूड खरीच होती.

तुझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्याचे प्रमिलावहिनींनी फोनवर सांगितले. आता तरी अक्षर मोठे काढ. नात चालू लागली का? मुलुंडच्या घराच्या पुनर्विकासाचे काय झाले, तेही लिही. एप्रिलमध्ये इकडे येणार असशील तर त्याआधी कुर्ल्याला सीएसटी रोडवर चक्कर मारून दोन रोटर आणि एक पॉइंटचा सेट घेऊन ये. पैसे इथे देईन. दोन्हीपैकी एक रोटर तुझ्याकडेच ठेव.

तुझा,
श्रीधर

ता. क. सुमनने स्टिअरिंगला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे, 'रोटर गाडीतच आहे'. काल भद्रकालीपर्यंत ती तशीच लटकवत जाऊन आलो.