बाईंच्या पगाराची स्लिपही तपासा

माझी मुलगी भांडुपच्या एका छोट्या खासगी शाळेत सातवीत आहे. तिच्या विज्ञानाच्या बाईच गणित घेतात आणि पी.टी.चे सर आले नाहीत तर शिट्टी घेऊन मैदानातही त्याच उतरतात. (मैदान म्हणजे दोन इमारतींमधली फरशी!) परवा पालकसभेला गेलो, तर बाई मांडीवर गठ्ठा घेऊन पेपर तपासत होत्या. म्हणाल्या, "सहाची कल्याण लोकल चुकली की शिकवणीची मुलं दारात ताटकळतात." दिवसभर शाळा आणि वर घरी शिकवण्या, कारण पगारात भागत नाही. सही एका आकड्यावर, हातात वेगळाच, हे त्यांनी दबक्या आवाजात सांगितले.

खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी राज्यात 1977 चा कायदा आहे. अनुदान नसलेल्या मान्यताप्राप्त शाळांनाही तो लागू आहे आणि सरकारने ठरवलेल्या वेतनश्रेणीपेक्षा कमी पगार देता येत नाही. खासगी शाळांतील शिक्षकांच्या ग्रॅच्युइटीचा हक्कही सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये कायम केला. पण बाई तक्रार करणार कुठे? जूनमध्ये पुन्हा नेमणूकपत्र हवे असते ना!

शाळा तपासायला येणारे अधिकारी स्वच्छतागृहे मोजतात, पटसंख्या बघतात. त्यांनी शिक्षकांची बँक पासबुकेही मागवावीत, तीही संस्थाचालक समोर नसताना. आमची फी तर दरवर्षी वाढतेच आहे.

– एक पालक, भांडुप, मुंबई