व्याख्यान बघून क्रेडिट मिळते, आकृती कोण तपासणार?

मा. संपादक,

आयआयटीच्या प्राध्यापकांची रेकॉर्ड केलेली व्याख्याने बघून विषय पुरा करायचा आणि त्याची क्रेडिट आपल्या गुणपत्रिकेत घ्यायची, ही वाट अभियांत्रिकी महाविद्यालयांत आता चांगलीच रुळली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरून घेण्याची मुभा दिली होती. २०२१ च्या नियमांनी ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. मेकॅनिकलच्या मुलांना या वाटेने पाठवताना एक मोठी उणीव राहून गेली आहे. पहिल्या व्याख्यानापासून प्रमाणपत्र हाती येईपर्यंत त्या मुलाने स्वतः काढलेली एकही आकृती कोणी तपासत नाही, आणि त्याने एकही वस्तू हातात धरून मोजली का, हे कोणी विचारत नाही.

व्याख्यानांत खोट नाही. सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी एनपीटीईएल या उपक्रमामार्फत (‘स्वयम्’वरचे अभियांत्रिकीचे विषय मुख्यतः हाच चालवतो) २००३ च्या सुमारास हे काम हाती घेतले, त्यामुळे आज लहान गावातल्या मुलाला घरबसल्या, फुकट, आयआयटीचा वर्ग बघता येतो. आयआयटी कानपूरचे प्रा. अशोक कुमार मलिक यांची कायनेमॅटिक्सवरची, म्हणजे यंत्रांच्या गतीवरची, व्याख्यानमाला आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सुचवतो. अडचण बघण्याच्या पद्धतीत आहे. दीडपट-दुप्पट वेगाने व्हिडिओ पळवायचा, फळा भरला की स्क्रीनशॉट घ्यायचा आणि पुढे जायचे, असे सर्रास चालते. स्क्रीनशॉटमध्ये पुरी झालेली आकृती येते. प्राध्यापकांनी आधी कोणती रेषा काढली, मग कोणती, आणि का, हे त्यात येत नाही. मेकॅनिकलमध्ये शिकायचे असते ते नेमके हेच. फ्री बॉडी डायग्रॅममध्ये, म्हणजे एकाच वस्तूवरची सगळी बले दाखवणाऱ्या आकृतीत, आधी वस्तू आजूबाजूच्या आधारांपासून सोडवून एकटी काढायची आणि जिथे जिथे आधार तोडला तिथे तिथे बल दाखवायचे. हा क्रम ज्याने हाताने गिरवला नाही, तो परीक्षेत आधाराची एखादी रिअ‍ॅक्शन हमखास विसरतो.

म्हणून आमचा आग्रह असा की व्हिडिओ १ या वेगानेच लावावा, आणि प्राध्यापक आकृतीकडे वळले की तिथेच थांबवावा. वहीत आधी आपली आकृती काढावी, मग पुढे बघून ताडून पाहावी, चूक खोडू नये, वेगळ्या शाईने बाजूला दुरुस्त करावी. १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात आठवड्याला साधारण अडीच तासांचा व्हिडिओ असतो. अशा रीतीने तो सात-आठ तास घेतो. ज्याच्याकडे तेवढा वेळ नाही त्याने एका सत्रात असे तीन विषय घेऊ नयेत.

उदाहरण म्हणून चार दुव्यांची यंत्रणा, म्हणजे फोर-बार घेऊ. ग्रॅशॉफचा नियम व्याख्यानात पाच मिनिटांत सांगून होतो: सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब दुव्याची बेरीज उरलेल्या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त नसेल, तरच एखादा दुवा पूर्ण फेरी मारू शकतो. हे पाठ होते आणि विसरलेही जाते. बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून २ सेंमी रुंदीच्या पट्ट्या कापा. पूर्ण फिरणारी क्रँक ४ सेंमी, मधला जोडणारा कपलर १०, मागेपुढे झुलणारा रॉकर ८. स्थिर दुवा १२ सेंमीचा, तो जाड पुठ्ठ्यावर दोन भोके पाडून घ्या. ही मापे पट्टीच्या टोकापासून टोकापर्यंतची नव्हेत, भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंतची आहेत. बहुतेकांचे पहिले मॉडेल इथेच बिघडते. दुसरी चूक सांध्यांच्या जाडीची. फेरीत एका जागी कपलर क्रँकवर दुमडून येतो आणि क्रँकच्या स्थिर पिनच्या अगदी वरून जातो, तेव्हा तो पिनच्या डोक्याला अडकतो. मुलांना वाटते गणित चुकले. क्रँक आणि कपलरच्या मध्ये पुठ्ठ्याच्या दोन-तीन चकत्या घाला, रॉकरच्या बाजूलाही तेवढ्याच घाला, म्हणजे अडणार नाही.

इथे ४ आणि १२ मिळून १६, १० आणि ८ मिळून १८. क्रँक सुखाने फिरते आणि रॉकर साधारण ६० अंशांत झुलतो, हे कोनमापकाने मोजता येते. आता ७ सेंमीची क्रँक लावा. बेरीज १९ होते आणि क्रँक स्थिर दुव्याच्या रेषेत बाहेरच्या बाजूला येण्याआधीच अडते, कारण तिथे कपलर आणि रॉकर यांना मिळून १९ सेंमी गाठायचे असतात आणि त्यांची लांबी १८ च आहे. मग ६ सेंमीची लावा. बरोबर १८. सगळे दुवे एका रेषेत येतात आणि त्या क्षणी रॉकर वर जाईल की खाली, हे यंत्रणा सांगू शकत नाही. भोकांतली ढिलाई ते ठरवते. खऱ्या यंत्रात अशी जागा का टाळतात, हे त्या मुलाला मग वेगळे सांगावे लागत नाही.

याच मॉडेलवर वेगाची आकृतीही तपासता येते. क्रँक सेकंदाला १० रेडियनने फिरते असे धरले तर तिच्या टोकाचा वेग सेकंदाला ४० सेंमी. ही पहिली रेषा क्रँकला लंब काढायची, तिच्या टोकातून कपलरला लंब, सुरुवातीच्या बिंदूतून रॉकरला लंब. दोन्ही जिथे छेदतात तिथे उत्तर. पहिली रेषा निदान ८ सेंमी लांब येईल असे प्रमाण घ्यावे. ३ सेंमीची घेतली की पेन्सिलीच्या जाडीनेच उत्तर हलते, आणि कपलर व रॉकर जवळजवळ एका रेषेत असतील तर छेदबिंदू सापडतच नाही. क्रँक आणि कपलर एका रेषेत आले की रॉकरचा वेग शून्य आला पाहिजे. नाही आला तर कोणता तरी लंब तिरका पडला आहे.

स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्ससाठी तर ३० सेंमीची स्टीलची पट्टी पुरते. सी-क्लॅम्पने ती टेबलाच्या कडेला घट्ट बसवा, २० सेंमी बाहेर ठेवा, टोकाला १०० ग्रॅम टांगा. २५ मिमी रुंद आणि १ मिमी जाड पट्टी असेल तर टोक साधारण सव्वासहा मिमी खाली जायला हवे. वजन टांगण्याआधी आणि नंतर, दोन्ही उंच्या मोजून फरक घ्या, कारण पट्टी स्वतःच्या वजनानेही थोडी वाकलेली असते. उत्तर हमखास वेगळे येते, आणि खरे शिक्षण तिथून सुरू होते. हाताने दाबून धरलेली पट्टी मुळाशीच थोडी फिरते, तो फिक्स्ड एंड, म्हणजे न हलणारे टोक, राहत नाही, म्हणून वाक जास्त दिसतो. पट्टी १ ऐवजी ०.९ मिमी जाड असेल तर वाक एक तृतीयांशाहून जास्त वाढतो, कारण सूत्रात जाडीचा घन येतो. बारीक जाडी मोजणारा मायक्रोमीटर कशाला हवा, हे त्या ०.१ मिमीत कळते. बाहेरची लांबी २० वरून १० सेंमी केली तर वाक एक अष्टमांश होतो.

भाषेबद्दल थोडे. पॉलिटेक्निकमधून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी आणि मराठीतून शिकलेली मुले इंग्रजी व्याख्यानात अडखळतात ती उच्चारांमुळे कमी, बोलीतल्या शब्दांमुळे जास्त. आपण टेन्शनलाही ताण म्हणतो, स्ट्रेसलाही ताण आणि स्ट्रेनलाही ताण. पण दोरीतले टेन्शन हे बल आहे, स्ट्रेस हे क्षेत्रफळाने भागलेले बल आहे, आणि स्ट्रेन ही लांबीतल्या बदलाची मूळ लांबीशी तुलना, तिला एककच नाही. तसेच ‘ताकद’ हा शब्द. फोर्स, पॉवर, स्ट्रेंग्थ, तिन्हींसाठी वर्कशॉपमध्ये तो एकच चालतो. मुलांनी वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक इंग्रजी संज्ञेपुढे तिचे एकक लिहावे. प्रतिशब्दापेक्षा एकक जास्त उपयोगी पडते. थर्मोडायनॅमिक्समध्येही घोळ बहुधा एककांचाच असतो. १०० किलोपास्कल दाबाची, २७ अंश सेल्सिअस तापमानाची ०.१ घनमीटर हवा भरते सुमारे ०.११६ किलो. वायूच्या सूत्रात ३०० केल्विनऐवजी २७ घातले की १.२९ किलो येते, म्हणजे ११ पटीने चूक. हवेच्या एका घनमीटरचे वजन साधारण सव्वा किलोच्या आत असते, हे ज्याच्या मनात पक्के आहे तो ही चूक जागीच पकडतो.

आणि मग लेथ, म्हणजे धातू फिरवून कापणारे यंत्र. इथे व्हिडिओची मर्यादा अगदी उघडी पडते. माइल्ड स्टीलला एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने मिनिटाला २५ मीटर कटिंग स्पीड धरला तर २५ मिमी व्यासाच्या जॉबला, म्हणजे कापायच्या तुकड्याला, साधारण ३२० आरपीएम लागतात, एवढे व्याख्यान सांगते. टूलचे टोक सेंटरच्या वर राहिले तर त्याचा खालचा भाग जॉबला घासतो आणि कट होण्याऐवजी जॉब तापतो. जॉबचे टोक सपाट करताना (फेसिंग) टूल सेंटरला नसेल तर मध्यभागी बारीक टेंगूळ उरते. हेही सांगता येते. पण टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडचा डायल काही मशिनांवर त्रिज्येत मोजतो, काहींवर व्यासात. त्रिज्येच्या डायलवर ०.५ मिमी आत गेलात की व्यास १ मिमीने कमी होतो, आणि जॉब भंगारात जातो. हँडल उलट फिरवून पुन्हा त्याच आकड्यावर आणले तरी टूल त्याच जागी येत नाही, बॅकलॅश (स्क्रूतली ढिलाई) मध्ये येतो. पुढे गेलेले टूल अर्धा फेरा मागे घेऊन पुन्हा पुढच्याच दिशेने आकड्यावर आणायचे असते. ही सवय मनगटाला लागावी लागते, आणि ती लागते उघड्या वर्कशॉपमध्ये. पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल संपली की बऱ्याच ठिकाणी वर्कशॉपला दुपारनंतर कुलूप असते.

एनपीटीईएलच्या गुणांची रचना पाहा. २५ गुण असाइनमेंटचे, त्यात १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम ८ धरतात. ७५ गुण केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० लागतात. देशभरातल्या एवढ्या विद्यार्थ्यांसाठी पर्याय निवडण्याच्या किंवा आकडा भरण्याच्या प्रश्नांशिवाय दुसरे काही शक्य नाही, हे आम्ही समजतो. एनपीटीईएलने आकृत्या तपासाव्यात असे आमचे म्हणणे नाही. हे काम क्रेडिट देणाऱ्या महाविद्यालयाचे आहे, आणि ते आज होत नाही. प्रमाणपत्राची प्रत कार्यालयात जमा झाली की विषय संपला असे मानले जाते.

विद्यापीठांकडे आमची मागणी अशी आहे. ‘स्वयम्’वरून घेतलेल्या मेकॅनिकलच्या प्रत्येक विषयासाठी महाविद्यालयाने आठवड्याला एक तास, विषयाच्या शिक्षकासमोर, वेळापत्रकात ठेवावा. त्या तासात विद्यार्थ्याने आठवड्याची वही दाखवावी, शिक्षकाने त्यातली एक आकृती निवडून तीच पुन्हा फळ्यावर काढायला सांगावी. १५ मुलांच्या गटात आलटून-पालटून हे सहज होते. सत्रात दोनदा विद्यार्थ्याने मोजून आणलेली एखादी गोष्ट, पट्टीचा वाक असो की फोर-बारचा झोका, गणिताशी ताडून दोन पानांत लिहावी, आणि उत्तर का जुळले नाही यालाच गुण द्यावेत. जुळलेले उत्तर शेजाऱ्याकडून उतरवता येते; न जुळण्याचे कारण उतरवून घेतले तर शिक्षकाच्या पहिल्या प्रश्नातच उघडे पडते. वर्कशॉप आठवड्यातून दोन संध्याकाळी, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, क्रेडिट घेणाऱ्या मुलांसाठी उघडे ठेवावे, आणि प्रशिक्षकाच्या त्या तासांचे मानधन वेगळे द्यावे. हा खर्च सोडला तर लागणारी सामग्री पुठ्ठा, ड्रॉइंग पिना, स्टीलची पट्टी, सी-क्लॅम्प, १०० ग्रॅमचे वजन आणि प्रत्येक गटाला एक मायक्रोमीटर, एवढीच आहे. मायक्रोमीटर महाविद्यालयांच्या मेट्रॉलॉजी लॅबच्या कपाटात आहेतच.

आपले,
यंत्र अभियांत्रिकीचे तीन अध्यापक, पुणे