रॉस्किल्डहून, सुजलेल्या गुडघ्यानिशी

रॉस्किल्ड, डेन्मार्क

तीर्थरूप आई-बाबा,
सादर नमस्कार.

सकाळी फोनवर "आज सायकल नाही, आराम" एवढंच बोलले. खरं कारण पत्रात लिहिते, म्हणजे तुम्ही वाचेपर्यंत ते शिळं झालेलं असेल. उजवा गुडघा सुजलाय. पडले-बिडले नाही गं आई. इथे घाट नाहीतच, अख्ख्या देशातली सर्वांत उंच टेकडी 171 मीटरही भरत नाही. पण वारा! समोरून सुटला की सपाट रस्त्यावरही दम निघतो. वाटेतल्या 18 किलोमीटरच्या सागरी पुलावर सायकलींना बंदी, म्हणून तेवढं ट्रेननं आलो. गुडघ्याला तेवढीच सुट्टी.

आधी विटांचं जुनं कॅथेड्रल पाहिलं. डेन्मार्कचे राजे-राण्या तिथेच पुरलेत. एका खांबावर राजेलोकांच्या उंचीच्या खुणा आहेत. रशियाचा पीटर 208 सेंटीमीटर, आणि इथला राजा पहिला ख्रिश्चन चक्क 219.5! पुढे त्याचा सांगाडा तपासला तर उंची 188च्या आसपास निघाली. आई, आपल्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर दादाला टाचा उचलू द्यायचीस, तसलाच प्रकार. मला मात्र कधी नाही.

पण बाबा, दिवस खरा गेला तो खाडीकाठच्या व्हायकिंग जहाजांच्या संग्रहालयात. साधारण 1070 साली इथल्या लोकांनी आपलीच जुनी जहाजं दगड भरून खाडीच्या वाटेत बुडवली, शत्रूची गलबतं आत शिरू नयेत म्हणून. विजयदुर्गाच्या पाण्याखालच्या भिंतीची गोष्ट तुम्ही सांगायचात ना, तीच आठवली. 1962 मध्ये भोवती बांध घालून, पाणी उपसून पाच जहाजं बाहेर काढली. हजारो तुकडे! आता ती लोखंडी सांगाड्यांवर काळी ठिक्कर उभी आहेत. त्यातल्या लांब लढाऊ जहाजाचं लाकूड 1042 मध्ये डब्लिनजवळ तोडलेलं, हे खोडाच्या वलयांवरून कळलं. तसंच नवं बांधून 2007 मध्ये हे लोक ते डब्लिनपर्यंत घेऊनही गेले. गंमत म्हणजे नव्वदच्या दशकात संग्रहालयासाठी बंदर खणायला घेतलं, तर आणखी नऊ जहाजं निघाली.

बाहेर जुन्या पद्धतीनं होड्या बांधतात. एक बाई कुऱ्हाडीनं फळी तासत होती. फळीसाठी करवत नाहीच. ओकचं खोड पाचरी ठोकून उभं फोडायचं, म्हणजे रेषा तुटत नाहीत आणि फळी पातळ असूनही चिवट राहते. फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढवायच्या, मध्ये डांबरात भिजवलेली लोकर. आपल्याकडे कापूस नि राळ, असं मी तिला सांगितलं, तर कुऱ्हाड बाजूला ठेवून तिनं इतके प्रश्न विचारले की माझी विद्या दोन मिनिटांत संपली. बाबा, तुम्ही हवे होतात. आजोबांचा तो लाकूड तासायचा वाकस अजून माळ्यावर आहे ना? कुणाला देऊन टाकू नका.

तिच्या पायाशी पडलेली एक ढलपी मागून घेतली. हातभर लांब, ओलसर, वास थोडा आंबूस. पाकिटात मावत नाही, म्हणून सायकलच्या पिशवीत आहे.

उद्या कोपनहेगन, पस्तीसेक किलोमीटर. गुडघा कुरकुरला तर ट्रेन पकडेन, शपथ. आई, बीपीची गोळी रात्रीची विसरू नकोस.

तुमची,
छोटी