दोन-वीसला निघ म्हणावं त्याला

लेश्नो (पोलंड), मंगळवार

प्रिय बाळ्या,

पत्र नाही म्हणून शिव्या घालत असशील, घाल. गुडघा ठीक आहे. लिहितोय ते चिंटूपायी. काल ग्लायडिंगच्या स्पर्धेत 300 किलोमीटरच्या टास्कला, म्हणजे त्या दिवशीच्या शर्यतीला, पठ्ठ्या 270वर गव्हाच्या शेतात उतरला. तो आणि त्याचं बिनइंजिनाचं विमान, दोघेही धड आहेत.

रोग जुनाच. घड्याळ आपण स्टार्टची लाइन ओलांडली की सुरू होतं, म्हणून सगळ्यांच्या मागून निघायचं. पुढचे जिथे गिरक्या घेतायत तिथे थर्मल, वर उचलणारी गरम हवा, आयता. पण सगळ्यांनीच हे मनात धरलं, की लाइन उघडून पाऊण तास झाला तरी कुणी हलत नाही. पीईव्हीने, त्या स्टार्टच्या बटणाच्या नियमाने, हे सुटेल म्हणून माझ्याशी भांडलास ना? बटण दाबून ठरलेली मिनिटं थांबायचं, मग जी थोडी मिनिटं मिळतात तेवढ्याच खिडकीत निघायचं. ही पोरं खिडकी वाया घालवतात नि पुन्हा बटण दाबतात!

आता हजार गुणांच्या पद्धतीचा हिशेब बघ. विजेता ताशी 100ने आला, 3 तास. जवळपास सगळे पोचले, तर वेगाला 667 गुण, अंतराला 333. ताशी 95ने आलेल्याचे 100 गुण जातात, म्हणजे साडेनऊ मिनिटांना शंभर. विजेत्याच्या दोन तृतीयांश वेगाला वेगाचे गुण शून्य. आणि चिंटूला 333पैकी 270 किलोमीटरचे 300, बस्स. निम्मेच पोचले असते तर वेगाचे 333 नि अंतराचे 667 झाले असते, त्याला 600 मिळाले असते. म्हणजे सगळे पोचणाऱ्या दिवशी शेतात उतरणं सगळ्यात महाग, आणि हा नेमका त्याच दिवशी जुगार खेळतो.

(एएटीत, म्हणजे किमान वेळ ठरवून दिलेल्या टास्कला, उलटी गंमत. किमान वेळ 3 तास, आणि 290 किलोमीटर करून 2:50ला परतलास तरी भागायचं 3 तासांनीच. ताशी 102चा वेग 97 होतो. तिथे घाई करणारा तू, हे विसरलो नाहीये.)

निघायची वेळ शेवटाकडून मोजायची. काल थर्मल साडेपाचला संपणार हे अंदाजात होतं. शेवटची चढण सव्वापाचला पुरी झाली पाहिजे. 1,200 मीटरवरून, मीटरभर उतरताना तीस मीटर पुढे असं धरून, 36 किलोमीटरचा फायनल ग्लाइड, म्हणजे शेवटची सरळ घसरण, साधारण वीस मिनिटं. पोचणार 5:35, म्हणजे स्टार्ट 2:35. मार्गाचा एखादा टप्पा मंद जाईल म्हणून पंधरा मिनिटं वजा: 2:20. त्यानंतर कुणासाठी थांबायचं नाही. हा 3:05ला निघाला. शेवटच्या चढणीला पोचला तेव्हा आकाश निळं नि गार, थर्मल संपलेले.

माझं तो ऐकत नाही, मी म्हातारा. हडपसरच्या विंचवर ग्लायडिंग शिकला तेव्हापासून तुझाच शिष्य, तुझं ऐकेल. उद्या तिथल्या एक वाजता फोन कर. इथे साडेनऊ असतात आणि ब्रीफिंग दहाला. गुणांचं बोल, धीराचं नको.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? मंजूचं ठरलं, हे मला शिऱ्याकडून कळावं?

तुझा,
नाना