आठ पाउणे सहा

आचरे, ता. मालवण
माघी पौर्णिमा

प्रिय सुमे,

"पोचलीस का?" एवढंच तू विचारलं होतंस. पोचले, थेट गुडघाभर चिखलात. खाडीकाठच्या तिवराची (खारफुटीतलं एक झाड) रोपं मोजायची आहेत ना. डाव्या पायातली चप्पल पहिल्याच दिवशी खाडीला देऊन टाकली. आता एका काकींच्या जुन्या प्लास्टिकच्या बुटांत फिरते. दोन्ही बूट उजव्या पायाचे आहेत.

तुला आठवतं, तिवराच्या श्वसनमुळांवर पाच मार्कांचा प्रश्न आला होता? मला चार मिळाले होते. चिखलात प्राणवायू नसतो म्हणून मुळं वर येऊन छिद्रांतून श्वास घेतात, वगैरे सगळं आकृतीसह लिहिलं होतं. तर ऐक. पहिल्या दिवशी मीटरभर चौकट टाकली आणि मी एकाग्रतेने मोजत बसले. नोंदवहीत लिहिलं : तिवराची रोपं, १८४. सर वाकले, त्यातलं एक 'रोप' चिमटीत धरून हलकेच हलवलं, तर शेजारची अख्खी रांग हलली! खालून एकच आडवं मूळ, आणि ते पाच हातांवरच्या झाडाकडे गेलेलं. खरी रोपं तीनच होती, जाडसर दोन-दोन पानांची, आणि त्यातल्या एकावर माझा पाय. सर काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

वासाचं मात्र कुठल्याच पुस्तकाने नीट सांगितलं नव्हतं. पाय उपसला की कुजक्या अंड्यांचा भपकारा येतो. प्राणवायू नसलेल्या त्या काळ्या गाळातले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. आता तो वास माझ्या ओढणीलाही येतो. तिवराचं पान जिभेला लावून बघ, सर म्हणाले. लावलं : खारट! मुळांतून आत आलेलं मीठ ते झाड पानांवाटे बाहेर टाकतं. शेजारचं कांदळ, तेही खारफुटीतलंच झाड, बरंचसं मीठ मुळाशीच अडवतं, त्यामुळे त्याचं पान नुसतंच तुरट लागतं.

राहायला एका घराची ओटी आणि माजघर. नऊ मुली, एक न्हाणीघर. पुढचं काय ते समज. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) एकशिपी. रात्री कंदिलाएवढ्या उजेडात दिवसाचे आकडे उतरवायचे आणि भांडायचं. चौकटीच्या रेषेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, यावर परवा तासभर जुंपली होती. शेवटी डावी आणि खालची बाजू आत, उरलेल्या दोन बाहेर, असं ठरलं. नियम कुठला हे महत्त्वाचं नाही गं, पण सगळ्या चौकटींना एकच हवा. हे कॉलेजात कुणी सांगितलं असतं तर मी 'बरं' म्हणून पान उलटलं असतं.

पण खरी फजिती झाली अष्टमीला. खाडीच्या तोंडाजवळची चौकट करायची होती. मी मोबाइलवर ओहोटीची वेळ बघितली, सव्वाबारा. सगळ्यांना उन्हातून तंगडवत नेलं, तर पाणी तिथेच. अर्धा तास थांबलो तरी चौकटीच्या खुंट्या दिसेनात. तिसऱ्या काढणाऱ्या काकी (बूटवाल्याच) आमच्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "आज अष्टमी ना गो? भांगाचा पाणी ता, तळ खय दाखवतला?" वेळ माझी बरोबर होती, पण पाणी किती उतरणार ते मी बघितलंच नव्हतं. अर्ध्या चंद्राला सूर्य-चंद्राची ओढ काटकोनात, म्हणून भरती-ओहोटीतला फरक कमी, तोच भांग. हेही आपण शिकलोय, सुमे!

वेळ काढायला काकींना मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ. आठ पाउणे सहा. (पावणेसहा नव्हे, सहा! मी दोनदा चुकले.) त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. लहानपणी आजीने पाउणकी पाठ करून घेतली तेव्हा मी किती रडले होते, आणि तो पाढा असा चिखलात भेटला.

आज पौर्णिमा, उधाण. पंधरा पाउणे सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी साडेपाचला, आणि आज तळ दिसणार. आता चार वाजून गेलेत, काकी खळ्यातून हाका मारतायत आणि माझा दुसरा उजवा बूट सापडत नाहीये.

तुझी,
मनी