आम्ही भावंडं दिसतो का रे?

प्रिय मिल्या,

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच हसत सुटतोस आणि मुद्दा राहतो बाजूला, म्हणून टाइप करत बसलोय. नीता झोपलीय. तब्येती ठीक, माझी शुगर बॉर्डरवर आहे ती आहेच, सासूबाईंचे रिपोर्ट मुंबईच्या डॉक्टरांना दाखवून आणले, घाबरण्यासारखं काही नाही. झालं. आता ऐक.

येताना डेक्कन क्वीन मिळाली, कित्येक वर्षांनी. डबे बदललेत २०२२ ला, पासवाल्यांचा माज तोच आहे, फक्त आता आपल्याला "काका, हा पासचा डबा आहे" असं ऐकून घ्यावं लागतं. कर्जतला घाट चढायला मागून ढकलणारी इंजिनं, म्हणजे बँकर लागले, गाडी हलली आणि नीताला भूक लागली म्हणून डायनिंग कारमध्ये गेलो. चीज टोस्ट आणि ऑम्लेट. पलीकडच्या टेबलावर कॉलेजच्या दोन पोरी, एकाच इअरफोनची दोन टोकं दोघींच्या कानात. आणि मला लगेच कळलं मिल्या, की ह्या कुंडली मांडतायत, म्हणजे अनोळखी माणसांचं एकमेकांशी नातं काय ते ओळखायचा आपला तो खेळ. डिट्टो आपल्यासारखी! सरळ बघायचं नाही, घाटात बोगदा आला की खिडकीची काच आरसा होते, तेवढ्यात बघून घ्यायचं. तुझी ट्रिक. मी तर मनातल्या मनात खूश झालो की चला, विद्या अजून जिवंत आहे, आणि कोणाची मांडतायत ते बघायला मान वळवली तर आमच्या मागे कोणीच नव्हतं.

कानात गाणं असलं की माणसाला वाटतं आपण हळू बोलतोय. पहिली म्हणाली, "भाऊ-बहीण आहेत." दुसरी म्हणाली, "नवरा-बायको गं, त्याने तिचा चष्मा पुसून दिला की." तर पहिली काय म्हणते, "हो, पण दोघांनी एकमेकांकडे बघितलं का? आणि एवढ्या वेळात एकदा तरी भांडले असते." मग फायनल निकाल लागला की भावंडं आहेत आणि आईवडिलांच्या प्रॉपर्टीचं काहीतरी चाललंय, कारण टेबलावर ती प्लास्टिकची फाइल होती आणि आमचे दोघांचेही हात तिच्यावर होते. फाइलमध्ये सासूबाईंची सोनोग्राफी रे!

आता मला सांग, ह्यात चुकलं काय त्या पोरीचं? चष्मा मी खरंच पुसला, शर्टाच्या टोकाने, रोज पुसतो, चहाची वाफ बसली की ती बोलता बोलता चष्मा काढून हात पुढे करते, मी पुसतो, ती घालते, तिचं वाक्यसुद्धा तुटत नाही. आणि नाही बघितलं एकमेकांकडे. ऑम्लेटमधली मिरची तिने माझ्या प्लेटमध्ये टाकली तेव्हाही नाही. म्हणजे निरीक्षण शंभर टक्के बरोबर. आपल्या वेळी हा चष्म्याचा पुरावा आला असता तर तू छातीठोकपणे "वीस वर्षं संसार" म्हणाला असतास आणि मी मुद्दाम "भावंडं" म्हणून चहाची पैज लावली असती. तसं आपलं तरी कधी कोणी तपासलं होतं? ते लोणावळ्याला चढलेले दोघं, चिक्कीच्या पिशव्यांसकट, तू म्हणालास पळून चाललेत, मी म्हणालो मामा-भाची, शिवाजीनगरला उतरून गेले ते गेले. तू अजून म्हणतोस तू जिंकलास. घंटा जिंकलास. तूच नंतर वर्गात सायकॉलॉजी शिकवायला लागल्यावर सांगितलंस ना की खोटं-खरं ओळखण्यात माणसं सरासरी १०० पैकी ५४ वेळाच बरोबर येतात, म्हणजे नाणं उडवलं तरी साधारण तेवढंच. तरी आपली ऐट अशी की सगळ्या गाडीचं कळतं.

बरं, हे इथेच संपलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं, पुढच्या वेळी भेटल्यावर सांगून चहा उकळला असता. नीतानेही ते ऐकलं होतं. मला वाटलं नव्हतं ऐकलं म्हणून. ती खिडकीतून बाहेर बघत होती, खंडाळ्याला "पाणी बघ केवढं पडतंय" म्हणाली, मी "हं" म्हणालो, बस. परत सीटवर येऊन बसलो, ती डुलक्या काढत होती की तसं दाखवत होती माहीत नाही. शिवाजीनगर आलं, मी बॅग काढली, आणि ती उठून म्हणते, "चल दादा."

मी हसलो. ती हसली नाही. म्हणजे हसली असेल, तिने तोंड दाराकडे केलं होतं, उतरायची गर्दी होती. नंतर रिक्षात नेहमीसारखी, दूध घ्यायचंय, मोटर लावायचीय. तेव्हापासून तो "चल दादा" माझ्या डोक्यात फिरतोय. थट्टा होती? टोमणा होता? की दोन्ही? गाडीतल्या कुठल्याही बाईने कुठल्याही पुरुषाला असं म्हटलं असतं तर मी आवाजावरून सांगितलं असतं तुला. इथे पाटी कोरी.

मग रात्री वाचत बसलो, तुझ्या त्या गॉटमनचं. सिअॅटलवाला, फ्लॅटसारख्या लॅबमध्ये जोडप्यांना ठेवून कॅमेऱ्याने बघायचा तो. त्याचं म्हणणं, बायको "तो पक्षी बघ" म्हणते ते पक्षी बघायला नाही, तुझं लक्ष मागते. सहा वर्षांनी टिकलेली जोडपी अशा हाकेला १०० पैकी ८६ वेळा वळली होती, मोडलेली ३३ वेळा. आता माझं ते "हं" कुठे धरायचं? वळलो की नाही वळलो? मान नाही वळवली, पण पाणी बघितलं मी! काचेत बघितलं. दुसरं ते झायन्स नावाच्या सायकॉलॉजिस्टचं १९८७ चं संशोधन सापडलं, की २५ वर्षं एकत्र राहून नवरा-बायकोचे चेहरे एकमेकांसारखे होतात. मला एकदम हायसं वाटलं, म्हटलं भावंडं दिसण्याचं शास्त्रीय कारण मिळालं, उद्या सकाळी चहाबरोबर नीताला ऐकवू. तर खाली लिहिलेलं, त्याच्याकडे जोडपी फक्त १२ होती, आणि २०२० मध्ये ५१७ जोडप्यांचे फोटो तपासले तर असं काही होत नाही, सारखे दिसणारे आधीपासूनच थोडे सारखे असतात. गेलं. तुझ्या सायकॉलॉजीचं हे नेहमीचंच, देते आणि काढून घेते.

आता खरं विचारायचं ते. आमच्या साखरपुड्याच्या आधी, रूपाली हॉटेलात, नीता हात धुवायला गेल्यावर तू म्हणाला होतास, "ही तुझ्या विनोदावर आधी तुझ्याकडे बघते, मग हसते." मी तीन-चार महिने बोललो नव्हतो तुझ्याशी. माझ्या लग्नात तू मुकाट पंगतीला वाढत होतास आणि मी तुला जिलबी पण आग्रहाने दिली नव्हती, ते तू आजवर काढतोस. तेव्हा मला राग आला कारण मला वाटलं तू म्हणतोयस की ती खोटं हसते. पण आता असं वाटतंय की निदान तेव्हा ती माझ्याकडे बघत तरी होती. तुझा अर्थ नक्की काय होता? तो कधीच सांगितला नाहीस. मी विचारलंही नाही, मला भांडायचं होतं.

तुला माझं हे वेडेपण वाटेल. वहिनींना सांगू नकोस, त्या नीताला फोन करतील. नाशिकच्या फ्लॅटचं पझेशन मिळालं का? पोरीची ऍडमिशन? तिला इंजिनिअरिंग नको असेल तर ढकलू नकोस, तुझं म्हणणं तुलाच ऐकवतोय. बीपीची गोळी घे.

हे लिहिताना मध्येच नीता पाणी प्यायला उठली. कोणाला लिहितोयस म्हणाली, मी म्हटलं मिल्याला. तर ग्लास ठेवता ठेवता म्हणते, "त्याला विचार, अजून मी आधी बघते का मग हसते?" आणि जाऊन झोपली.

साल्या, तू सांगितलं होतंस तिला? कधी? आणि ती इतकी वर्षं बोलली नाही? खरं सांग, फोन करू नकोस, ती शेजारीच असते. मेल कर.

तुझाच,
पक्या